बाळंतिणीचे औषध : स्वस्त आहे, पण हाताशी आहे का?

(लेखक आपल्या कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्तीनंतर ते मूळ गावी, मु. पो. बोर्ली पंचतन, ता. श्रीवर्धन, जि. रायगड येथे राहतात. – संपादक)



बॉयलर अग्निप्रदीपनाची निमंत्रणपत्रिका दरवर्षी पोस्टाने इथे बोर्लीला येते. ती हातात पडली की सुपारीच्या बागेत बसूनसुद्धा मला कारखान्याचा भोंगा ऐकू येतो. आता टोळ्या निघाल्या असतील, मुकादमांचे करार झाले असतील, गट कार्यालयांत लगबग असेल, असे मनात येते. आणि दरवर्षी त्याच्या पाठोपाठ एक जुनी गोष्टही आठवते. ती आजवर या अंकात लिहिली नव्हती. यंदा लिहितो.

उसाची लागण, खत, पाणी, रिकव्हरी यांवर आपल्या अंकात जाणकार मंडळी लिहितातच. मी औषधाचा माणूस. म्हणून औषधाविषयीच सांगतो, आणि तेही एकाच : बाळंतपणात बाईचा जीव वाचवणाऱ्या औषधाविषयी. ते महाग नाही. अवघड तर मुळीच नाही. तरी ते वेळेला आणि चांगल्या स्थितीत हाताशी असेलच असे नाही. असे का, आणि त्यात आपल्याला काय करता येईल, ते पाहू.

जुना हंगाम, जुने कपाट

१९८१-८२ चा गळीत हंगाम. जानेवारीची थंडी होती. पहाटे चारच्या सुमाराला बैलगाडीतून एका तोडकरी बाईला दवाखान्यात आणले. रात्री ती कोपीतच बाळंत झाली होती. मुलगा झाला होता, वारही पडली होती, पण अंगावरून जाणे काही केल्या थांबेना. गाडीत पाचटावर अंथरलेली गोधडी चिंब झाली होती.

डॉक्टर तालुक्याच्या गावी राहात, ते सकाळी यायचे. नर्सबाई मात्र क्वार्टरवरच होत्या. त्या धावत आल्या, पोट चोळायला लागल्या आणि मला म्हणाल्या, "कंपाउंडर, अर्गोमेट्रीन काढा लवकर."

मी कपाट उघडले. खोक्यात चार अँप्युल होत्या. कंदिलापुढे धरल्या तर आतले पाणी पिवळसर दिसले. हे औषध पाण्यासारखे स्वच्छ असावे लागते. या अँप्युल आदल्या मार्चपासून त्याच लाकडी कपाटात, पत्र्याच्या छपराखाली पडून होत्या. तिथे त्या मीच ठेवल्या होत्या. नर्सबाईंनी माझ्याकडे एकदा बघितले, बोलल्या काही नाहीत. दुसरे काहीच नव्हते, म्हणून त्यातल्याच दोन दिल्या. कारखान्याची जीप काढली. तालुक्याच्या वाटेवर रेल्वे फाटकाशी बाई गेली.

मुलगा वाचला. त्याला मुकादमाच्या बायकोने पदराखाली घेतले. त्या बाईने त्या हंगामात किती ऊस तोडला, याचा हिशेब गट कार्यालयाच्या वहीत असेल. पण तो नवऱ्याच्या नावावर. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता, हे तुम्हांला सांगायला नको.

त्या रात्री दुसऱ्या कुणाला दोष द्यायला जागा नव्हती. कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. त्यानंतर मी या औषधांविषयी जे मिळेल ते वाचत गेलो, डॉक्टरमंडळींना विचारत गेलो. त्यातले कामाचे तेवढे इथे मांडतो.

पहिले दोन तास

नऊ महिने गर्भपिशवीला रक्ताचा पाट लागलेला असतो. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीत दर मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त खेळत असते. बाळ बाहेर आले, वार सुटली, की वार जिथे चिकटलेली होती तिथल्या सगळ्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती बंद करण्याची निसर्गाची युक्ती अशी, की गर्भपिशवी मुठीसारखी आवळली जाते आणि तिच्या स्नायूंमध्ये त्या वाहिन्या दाबल्या जातात. पोटावर हात ठेवला तर ती नारळासारखी घट्ट लागते. पण बाई थकलेली असेल, कळा फार वेळ चालल्या असतील, जुळे असेल, तर कधी कधी पिशवी सैलच राहते. मग पाटाचे दार उघडेच राहिले म्हणायचे. अशा वेळी धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत हातची जाऊ शकते. अंगात आधीच रक्त कमी असेल तर तेवढाही वेळ मिळत नाही.

आपल्या देशात बाळंतपणात दगावणाऱ्या बायांत सर्वांत मोठा वाटा रक्तस्रावाचा. महानिबंधकांच्या नमुना नोंदणीत २००१ ते २००३ या काळातले असे मृत्यू तपासले गेले, तेव्हा दर शंभरांत अडतीस रक्तस्रावाचे निघाले. तेव्हापासून परिस्थिती पुष्कळ सुधारली, हेही सांगितले पाहिजे. २००४-०६ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात १३० माता दगावत. २०१८-२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. देशाचा आकडा २५४ वरून ९७ वर आला. दवाखान्यातली बाळंतपणे वाढली, रुग्णवाहिका आली, आशाताई आल्या, त्याचे हे फळ. पण जे ३३ उरले ते कुठले असतील, याचा विचार करा. दवाखाना लांब, रस्ता वाईट, नाव कुठल्याच रजिस्टरात नाही, अशा ठिकाणचे त्यांत असणारच. उसाच्या फडातल्या कोप्या त्यांतच येतात.

औषध आणि ऊन

सैल पिशवीला आवळायला लावणारी औषधे जुनी आहेत. बाजरीवर अरगट पडतो, तो आपण पाहिलेला आहे : कणसाला मधासारखा चिकटा सुटतो आणि मग दाण्याच्या जागी काळे टोक येते. युरोपात राय नावाच्या धान्यावर तसाच रोग पडतो. तिकडच्या सुइणी त्या काळ्या दाण्यांचा उपयोग शेकडो वर्षे करीत. त्यातूनच १९३५ मध्ये शास्त्रज्ञांनी अर्गोमेट्रीन वेगळे काढले. (बाजरीच्या अरगटात हे औषध नसते, त्याने नुसती विषबाधा होते. कुणी घरी प्रयोग करू नये.)

दुसरे औषध ऑक्सिटोसीन. हे तर बाईच्या मेंदूतच तयार होते. त्यानेच कळा येतात आणि त्यानेच पान्हा फुटतो. १९५३ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्गोमेट्रीनने रक्तदाब वाढतो, म्हणून दाब असलेल्या बाईला ते देता येत नाही. ऑक्सिटोसीनला ती अडचण नाही. म्हणून आज जगभर पहिला मान ऑक्सिटोसीनला आहे. बाळ जन्मले, आत दुसरे बाळ नाही ना हे पाहिले, की लगेच मांडीत दहा युनिटचे इंजेक्शन. प्रत्येक बाईला, रक्तस्राव सुरू होण्याची वाट न पाहता.

मग घोडे अडते कुठे? गारव्यावर. ऑक्सिटोसीन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. अर्गोमेट्रीनला उष्णता तर सोसत नाहीच, पण उजेडही सोसत नाही. माझ्या कपाटातल्या अँप्युल पिवळ्या का पडल्या, ते मला १९९० नंतर, जागतिक आरोग्य संघटनेने उष्ण देशांत केलेल्या तपासण्यांविषयी वाचले तेव्हा नीट कळले.

तुम्हांला समजेल अशा भाषेत सांगायचे तर हे तोडलेल्या उसासारखे आहे. तोडलेला ऊस दोन-चार दिवस उन्हात पडला तरी मोळी दिसायला तीच असते. काट्यावर वजन थोडे घटते, पण खरी घट साखरेत असते, आणि ती गव्हाणीत पडल्यावर कळते. ऑक्सिटोसीनचेही तसेच. आणि ते पिवळेसुद्धा पडत नाही. काचेवरची तारीख चालू, पाणी स्वच्छ, पण आतली ताकद निघून गेलेली. ते पोटावरच्या हाताला कळते, तोवर उशीर झालेला असतो.

बोर्लीचे वारे

निवृत्त होऊन इकडे आलो तेव्हा वाटले, फ्रीज, वीज, डांबरी रस्ता सगळे आहे, आता ती काळजी गेली. मग ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरच आदळले. आमच्या पंचक्रोशीतल्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब काडीसारखे मोडले. कित्येक वाड्यांत पुढे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती.

त्या दिवसांत माझ्या घरचा फ्रीज म्हणजे नुसते कपाट झाला होता. शेजारी इन्सुलिन घेणारे होते. त्यांना मी ओल्या वाळूत मडके पुरून त्यात बाटली ठेवायला शिकवले. तेव्हा रात्री अंधारात पडल्या पडल्या मनात आले : इन्सुलिनचे मडक्याने भागेल, पण या किनाऱ्यावर आज कुणी बाई बाळंत होत असेल तर तिच्या इंजेक्शनचे काय? इथून म्हसळा, माणगाव म्हणजे घाटवळणाचा रस्ता, त्यावर झाडे पडलेली. समोर खाडी. म्हणजे १९८१ चे लाकडी कपाट पुन्हा दारात येऊन उभे राहिले.

देशावर वादळ येत नाही, पण भारनियमन तुम्ही सोसले आहे. रात्रीच्या विजेवर पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याला विजेचा भरवसा किती, हे दुसऱ्याने काय सांगावे?

बेळगावच्या नर्सबाई

तेव्हा प्रश्न असा, की फ्रीज नसला, डॉक्टर नसला, तरी चालेल असे औषध आहे काय? याचे उत्तर आपल्या शेजारीच मिळालेले आहे, बेळगाव जिल्ह्यात.

तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. बी. एस. कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डर्मन यांनी सहकाऱ्यांसह २००२ ते २००५ या काळात एक मोठा प्रयोग केला. औषध होते मिसोप्रोस्टॉल, पोटातल्या अल्सरसाठी निघालेली गोळी. तिने गर्भपिशवीही आवळते. तिला फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही, गोळी तोंडाने घ्यायची. ओलीपासून मात्र जपावी लागते, म्हणून ती पाकिटातून आधी फोडून ठेवायची नाही.

चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत झालेल्या १६२० बायांवर हा प्रयोग झाला. औषध डॉक्टरांनी दिले नाही, गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाईंनी दिले. निम्म्या बायांना बाळ जन्मल्याबरोबर ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कुणाला कोणती, हे देणारीलाही ठाऊक नव्हते. निकाल २००६ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. साध्या गोळीवाल्यांत शंभरी बारा बायांना जादा रक्तस्राव झाला, औषधवाल्यांत सहा-साडेसहा जणींना. फार मोठा, जीवघेणा रक्तस्राव हजारी बारांवरून हजारी दोनवर आला. दर अठरा बायांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळला, असा हिशेब निघाला. त्रास म्हणाल तर काहींना थंडी वाजून ताप आला, तो काही तासांत गेला.

याच प्रयोगासाठी बेळगावच्या मंडळींनी आणखी एक साधी वस्तू केली. रक्त किती गेले हे नजरेने ठरवताना चूक होते. त्यांच्याच तपासणीत नजरेचा अंदाज खऱ्या मापापेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी निघाला. म्हणून त्यांनी बाळंतिणीखाली अंथरायची प्लास्टिकची पारदर्शक चादर केली. तिला खाली पिशवी, पिशवीवर मापाच्या रेघा. रेघेपर्यंत रक्त आले की धोका, मग कुणाच्या अंदाजाची गरज नाही. आपण दूध डोळ्यांनी मोजत नाही, मापानेच घालतो. तसेच हे. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत ऐंशी रुग्णालयांतून अशाच मापाच्या चादरी वापरल्या आणि रेघ ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू केले, तेव्हा गंभीर रक्तस्राव आणि त्याचे दुष्परिणाम साठ टक्क्यांनी कमी झाले.

मिसोप्रोस्टॉल हे औषध या कामासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. आपल्या केंद्र सरकारने २०१३ मध्ये, जिथे घरची बाळंतपणे जास्त आहेत तिथे, आशाताई आणि नर्सबाई यांच्यामार्फत या तीन गोळ्या गरोदर बाईला आधीच देऊन ठेवण्याची पद्धत आखून दिली.

एक सावधगिरी मात्र मोठ्या अक्षरांत सांगतो. ही गोळी बाळ जन्मल्यानंतरच घ्यायची, आणि पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करूनच. बाळ पोटात असताना घेतली तर पिशवी फाटून दोघांचाही जीव जाईल. कळा वाढवण्याचे इंजेक्शनही घरी कुणाकडून टोचून घ्यायचे नाही, तिथेही हाच धोका. ही दुकानातून आणून आपल्या मनाने घ्यायची औषधे नव्हेत.

आणखी तीन औषधे

आता उन्हाळा सोसणारे इंजेक्शनही निघाले आहे. कार्बेटोसीन नावाच्या औषधाचा हा नवा प्रकार तीस अंशांत तीन वर्षे टिकतो. २०१८ मध्ये दहा देशांतल्या जवळजवळ तीस हजार बायांवर त्याची तुलना ऑक्सिटोसीनशी केली. त्या देशांत आपलाही देश होता. दोन्ही औषधे सारखीच उतरली. २०१९ मध्ये तेही अत्यावश्यक यादीत गेले. गरीब देशांतल्या सरकारी दवाखान्यांना ते ऑक्सिटोसीनच्या आसपासच्या दरात द्यायचे, असे बनवणाऱ्या कंपनीने कबूल केले आहे.

दुसरे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल. जपानी शास्त्रज्ञ उताको ओकामोतो आणि त्यांचे पती यांनी हे १९६०च्या सुमाराला शोधले. हे रक्ताची गुठळी टिकवून धरते. २०१७ मध्ये एकवीस देशांतल्या वीस हजार बायांवरच्या अभ्यासात दिसले, की बाळंत झाल्यावर तीन तासांच्या आत ते शिरेतून दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी होतात. तीन तासांनंतर उपयोग नाही. म्हणजे इथेही घड्याळाशीच शर्यत.

तिसरे औषध झटक्यांचे. गरोदरपणात दाब वाढून बाईला फिट येते. जुन्या बायका त्याला बाहेरची बाधा समजून अंगारा लावीत. त्यावर सर्वांत चांगले औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. होय, आपण उसाला आणि द्राक्षाला देतो तेच क्षार, पण शुद्ध करून इंजेक्शनात भरलेले. २००२ मध्ये तेहतीस देशांतल्या दहा हजार बायांवरच्या अभ्यासात त्याने झटक्यांचा धोका निम्म्यावर आला. आपल्या सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये, आपल्याकडच्या कमी वजनाच्या बायांना कमी मात्रा पुरते, असे दाखवून दिले. स्वस्तातले औषध, आणि त्याची मात्रा सोलापुरात बेतलेली. यापरते जवळचे काय असणार?

गोठ्यातली सुई

आता थोडे कडू बोलतो. सभासदांनी राग मानू नये.

ऑक्सिटोसीनने पान्हा फुटतो असे वर लिहिले. हे आपल्यातल्या काहींना औषधशास्त्र न शिकताही ठाऊक आहे. म्हशीने पारडू मेल्यावर पान्हा चोरला, की धारेच्या आधी एक सुई टोचायची. बिनलेबलाच्या प्लास्टिकच्या बाटलीतले ते पाणी म्हणजे कुठेतरी परवान्याशिवाय बनवलेले ऑक्सिटोसीन. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याने असे टोचणे गुन्हा आहे, तरी चालते.

याचा बाळंतिणीशी काय संबंध? बघा. गोठ्यांतला हा गैरवापर थांबवायचा म्हणून केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये असे ठरवले, की देशात विकण्यासाठी ऑक्सिटोसीन यापुढे एकाही खाजगी कारखान्याने बनवायचे नाही. फक्त बेंगळुरूच्या कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एकाच सरकारी कंपनीने बनवायचे. एवढ्या मोठ्या देशातल्या सगळ्या बाळंतिणी एका कारखान्याच्या भरवशावर! मशीन बंद पडले, माल अडला, तर? डॉक्टरांच्या संघटनांनी आणि अखिल भारतीय ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्कने आवाज उठवला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. १४ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. बायांच्या जिवाला होणाऱ्या धोक्याचा सरकारने पुरेसा विचार केलेला नाही, असा त्या निकालाचा रोख होता. सरकारने त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

सरकार चुकले असे न्यायालय म्हणाले, ते खरेच. पण सरकारला निमित्त कुणी दिले? गोठ्यातल्या सुईने. वाटीभर दुधासाठी आपण जी बाटली घेतो, तिने आपल्याच सुनेच्या औषधाला अडचण आणली. बनावट मालाचा धंदा चालतो तोही याच गिऱ्हाइकीवर.

लाल गोळी

औषध बाळंतपणाच्या रात्री लागते, पण तयारी आधी सहा महिन्यांची. ज्या बाईच्या अंगात रक्त भरपूर आहे ती थोडा रक्तस्राव सोसते. जिच्या अंगात नाही तिला तेवढाच पुरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. उपाय म्हणजे लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. बाळंत झाल्यावर आणखी १८० दिवस. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. शौचाला काळे होते, मळमळते, म्हणून बाया ती उतरंडीत टाकून देतात. जेवणानंतर किंवा झोपताना घ्यावी आणि तिच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. एवढे सांभाळले तर बहुतेकींना सोसते.

आपण काय करायचे?

१. दवाखान्याचा फ्रीज. तो औषधांसाठीच असावा. पाण्याच्या बाटल्या आणि सरबते दुसरीकडे. आत तापमापक, बाहेर वही, सकाळ-संध्याकाळ नोंद. दारातल्या कप्प्यात औषध नको, तिथे सर्वांत जास्त ऊब लागते. भारनियमनासाठी इन्व्हर्टर. कारखाना स्वतःची वीज बनवतो, त्याला हे जड नाही.

२. खरेदी. ऑक्सिटोसीन, मॅग्नेशियम सल्फेट, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आणि मिसोप्रोस्टॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे थोडे, बिलावर, परवानाधारक दुकानातून घ्यावे. दुकानातून दवाखान्यापर्यंतही ऑक्सिटोसीन बर्फाच्या डब्यातून यावे. मुदत संपण्याआधी बदलावे.

३. टोळीतली नोंद. टोळी उतरली की चिटबॉय कोयते, गाड्या, बैल मोजतो. त्याच वहीत एक रकाना वाढवा : गरोदर बाया किती, कितवा महिना. ती यादी त्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे द्यावी. त्या बाईचे नाव तिच्या गावच्या रजिस्टरात असते आणि ती असते आपल्या फडात. त्यामुळे दोन्ही नर्सबाईंच्या हातून ती निसटते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या आपल्या लेकींचेही असेच होते.

४. गाडी. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. तो नंबर प्रत्येक कोपीवर आणि गट कार्यालयात रंगवून ठेवा. फडाचा पत्ता फोनवर नीट सांगता यावा, म्हणून गावाचे, वस्तीचे आणि जवळच्या रस्त्याचे नाव मुकादमाला लिहून द्या.

५. हक्क. जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, तपासण्या, रक्त, जाणे-येणे सारे मोफत आहे. बाई दुसऱ्या जिल्ह्यातली आहे म्हणून तिला परत पाठवता येत नाही. हे मुकादमाला आणि तिच्या नवऱ्याला सांगा.

६. गोठा. पान्ह्याची सुई आजपासून बंद. म्हैस पान्हा चोरत असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.

सातवी गोष्ट सभासदांच्या अधिकारातली आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण रिकव्हरी विचारतो, उसाचा दर विचारतो, मळीचा हिशेब मागतो. त्याच सभेत एकाने उभे राहून विचारावे, "दवाखान्याच्या फ्रीजची वही वाचून दाखवा." चार आकडे आहेत, दोन मिनिटांत वाचून होतील. पण ते विचारले जाणार हे ठाऊक असले, की वही भरली जाते. मला १९८१ साली कुणी तसे विचारले असते तर मार्चच्या उन्हाआधी मी त्या अँप्युल हलवल्या असत्या, असे आज वाटते.

माझ्या त्या कपाटाची किल्ली आता दुसऱ्या कुणाच्या कमरेला असेल. त्याला माझा निरोप सांगा : टोळ्या उतरायच्या आत एकदा सगळ्या अँप्युल बाहेर काढून बघ बाबा. शंका आली तर फेकून दे आणि नव्या माग. पैसे थोडेच लागतात.

येत्या गळीत हंगामास शुभेच्छा. फडातल्या आणि घरातल्या सगळ्या लेकी-सुना सुखरूप सुटोत.